स्पीकरच्या दोन वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात का?

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात अँप्लिफायर डाव्या भिंतीशी ठेवावा लागतो. डाव्या स्पीकरला ३ मीटर वायर पुरते. उजव्या स्पीकरपर्यंत मात्र ती दारावरून फिरवून न्यावी लागत असल्याने ९ मीटर लागते. दोन्ही वायरी ९ मीटरच घ्याव्यात आणि डावीकडची उरलेली गुंडाळून ठेवावी, नाहीतर एका बाजूचा आवाज मागे पडेल, असे दुकानदार सांगतात. हे खरे आहे का? स्पीकर ८ ओहमचे आहेत.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आवाज मागे पडेल ही भीती मनातून काढून टाकावी. वायरीतून विद्युत संदेश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे ६ मीटर जादा वायरीपायी होणारा उशीर सुमारे ३० नॅनोसेकंदांचा असतो आणि तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग पुढे सरकतो. एक स्पीकर तुमच्या खुर्चीपासून १ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याने पडणारा फरक याच्या हजारपट आहे. म्हणून मोजपट्टी लावायचीच असेल, तर ती दोन्ही स्पीकरपासून खुर्चीपर्यंत लावावी.

खरा विचार करायचा तो वायरीच्या जाडीचा. ९ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १८ मीटर तांबे. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास येतो, डावीकडचा ०.०५ ओहम, आणि दोन्ही बाजूंच्या आवाजात पडणारा फरक ०.१ डेसिबल, जो घरी गाणे ऐकताना कोणाच्याही कानाला कळणार नाही. हीच वायर पाऊण चौरस मिलिमीटरची असेल, तर फरक ०.३ डेसिबलवर जातो आणि स्पीकर ४ ओहमचे असते, तर ०.६ च्याही पुढे गेला असता. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, म्हणून लांब आणि बारीक वायर नुसता आवाज उतरवत नाही, त्याचा पोतही थोडा बदलते. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे ०.४ ओहमच्या आत राहिला, की पुरे.

तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलात, तर एक खबरदारी आवर्जून घ्यावी. स्वस्त वायरीत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो आणि तिचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट भरतो. टोकाचा एक बारीक तंतू ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरट धातू दिसला, तर ती वायर घेऊ नये.

गुंडाळून ठेवलेल्या ६ मीटर वायरीने अपाय फारसा होत नाही, पण फायदाही काही नाही. ते पैसे जाडीवर खर्च करावेत, असे मला मनापासून वाटते.

जोडणी करताना दोन्हीकडे लाल टोक लाल खुंटीलाच जाईल, हे मात्र नीट पाहावे. एका बाजूला उलटे झाले, तर तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणा जातो आणि मध्यभागी ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो.