घेतलेली, घेऊन ठेवलेली आणि घेऊन बसलेली पुस्तकं

एका वाचकाचा प्रश्न आहे: "हातातलं वाचून होण्याआधी नवी पुस्तकं येत राहतात. या न वाचलेल्या ढिगाला इंग्रजी वाचक 'टीबीआर' ('टू बी रेड', म्हणजे वाचायची) म्हणतात, जपानीत 'त्सुंदोकु' असा खास शब्दच आहे. मराठीत काय म्हणावं? 'प्रतीक्षायादीतील पुस्तके' लिहून पाहिलं, पण ते रेल्वेच्या तिकिटासारखं वाटलं. ढीग, चळत, थप्पी यांतलं काय बरोबर? यंदा घेतलेल्या चौदा पुस्तकांविषयी लिहायचं आहे."

आधी ढिगाचं बघू. इथं मराठी श्रीमंत आहे आणि नेमके इथंच आपण आळस करून सरसकट 'ढीग' म्हणून मोकळे होतो. खरं तर कशाचा ढीग, यावर मराठीत शब्द ठरतो. धान्याची रास, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा हुडवा, विटांची थप्पी, नाण्यांची चळत, घडी घातलेल्या कपड्यांची चवड, मडक्यांची उतरंड. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती किंवा १९३०च्या दशकातला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सहज चाळायला घेतला, तरी असे शब्द पानोपानी भेटतात. एवढ्या गर्दीत पुस्तकांच्या वाट्याला मात्र स्वतःचा शब्द आलेला नाही.

मग उसना घ्यायचा तर कुठला? चळत म्हणजे एकाच आकाराच्या चपट्या वस्तू, कडेला कड जुळवून, एकावर एक. नाणी चळतीत असली की बाजूनं बोट फिरवून मोजता येतात. एकाच मालिकेतले, एकाच मापाचे खंड असतील तर चळत शोभेल. थप्पीत वजन आहे. विटा, पोती, गठ्ठे यांची थप्पी लागते, आणि ती लावणाऱ्याला पुढचा हिशेब ठाऊक असतो. ढिगाला असला काही हिशेब नसतो.

इथं नामापेक्षा त्याच्या सोबतीचं क्रियापद जास्त बोलतं. चळत आणि थप्पी 'लावतात', उतरंड 'रचतात'. ढीग मात्र 'साचतो'. धूळ साचते, पाणी साचतं, तशी पुस्तकंही साचली म्हटलं की कर्ता गायब! 'पुस्तकांचा ढीग साचलाय' हे वाक्य म्हणूनच घरात जास्त चालतं. 'मी ढीग साठवलाय' असं कबूल करणारा वाचक मला अजून भेटायचाय.

माझं मत विचाराल तर चित्र म्हणून यातला सर्वांत नेमका शब्द उतरंड. मोठं मडकं तळाशी, त्यावर मध्यम, त्यावर लहान. उतरंडीचा गुण असा की तळाचं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. उशाजवळच्या पुस्तकांचं तेच होतं. हजार पानी ठोकळा पाया म्हणून खाली जातो, वर दोनशे-तीनशे पानांची, सगळ्यात वर कवितेचं पातळ पुस्तक. मग रोज हाताला वरचंच लागतं. माझ्याकडच्या एका जाड पुस्तकाचा कणा मी चार वर्षं रोज वाचतो आहे, त्याच्या आत काय आहे ते ठाऊक नाही. फक्त 'उतरंड' आता समाजातल्या चढउतारासाठी इतका रुळलाय की 'माझ्या पुस्तकांची उतरंड' म्हटल्यावर तुम्ही पुस्तकांना श्रेणी लावताय असं लोकांना वाटेल. तेवढं सांभाळा.

पुस्तकांना स्वतःचा शब्द का मिळाला नसावा? माझा तर्क साधा आहे. पुस्तकं घराघरांत ढिगानं असणं ही छपाईनंतरची गोष्ट. त्याआधी पोथी कापडात बांधून ठेवत. त्या कापडाला बासन म्हणतात, दप्तरातले जुने कागद ज्यात बांधत तो रुमाल. पुढे 'बासनात गुंडाळून ठेवणे' याचा अर्थ एखादं काम कायमचं बाजूला सारणं असा झाला. म्हणजे न वाचता बांधून ठेवायची सवय आपल्याला नवी नाही, तिचा वाक्प्रचारसुद्धा झालाय. आता या वाक्प्रचाराचा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. ठेवणे.

आता जपानीकडे जाऊ. 'त्सुंदोकु' हा मेजी काळातला (१८६८ ते १९१२) शाब्दिक विनोद. 'त्सुमु' म्हणजे रचणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'त्सुंदे ओकु' म्हणजे रचून ठेवणे. (ओकु शब्दाला हसून घ्या, मग पुढे वाचा.) बोलण्याच्या ओघात 'दे ओकु'चं 'दोकु' होतं आणि वाचन या अर्थाच्या चिन्हाचा उच्चारही 'दोकु'च आहे. कुणीतरी हे हेरलं आणि रचून ठेवण्याच्या शेपटीला वाचनाचं चिन्ह लावून दिलं. जाता जाता: मराठी माणसानं या 'त्सु'ला घाबरायचं कारण नाही. 'चूल' आणि 'चूक' यांतला आपला दंततालव्य 'च' साधारण तोच.

खरी गंमत त्या 'ओकु'त आहे. जपानीत ते दुसऱ्या क्रियापदामागे लागलं की पुढच्या सोयीसाठी आधी करून ठेवणं असा अर्थ येतो. 'योंदे ओकु' म्हणजे वाचून ठेवणं: बैठकीच्या आधी, परीक्षेच्या आधी. 'आकेते ओकु' म्हणजे उघडून ठेवणं. शब्दाला शब्द लावून भाषांतर करा, अस्सल मराठी तयार. "दार उघडून ठेव." "हा भाग आधीच वाचून ठेव." "पुस्तक दिसलं, घेऊन ठेवलं." या दोन भाषांचं काही नातं नाही, पण ठेवण्याच्या क्रियापदाला हे काम देणाऱ्या भाषा आपल्या शेजारीही आहेत: कन्नडचं 'इडु', तमिळचं 'वै', हिंदीत 'ले रखी हैं'.

म्हणून माझं उत्तर असं: नाम शोधू नका, संयुक्त क्रियापद वापरा. नुसतं 'पुस्तक घेतलं' यात व्यवहार आहे. 'पुस्तक घेऊन ठेवलं' यात व्यवहार आहे, आज वाचणार नाही ही कबुली आहे, आणि कधीतरी वाचेन ही आशाही आहे. 'त्सुंदोकु' जेवढं सांगतो तेवढं सगळं या एका 'ठेवलं'त आलं.

त्याच्या शेजारची भावंडंही पाहून घ्या. 'घेऊन टाकलं' म्हणजे बराच वेळ घ्यावं की नको चाललं होतं, शेवटी एकदाचा निकाल लागला. 'घेऊन बसलो' म्हणजे फसलो, आता टाकवतही नाही आणि वाचवतही नाही. वाचण्याचंही तसंच. 'वाचून काढलं' यात मेहनत आहे, जणू पानांच्या तळातून ओढून बाहेर काढलं. 'वाचून टाकलं' यात सुटका. 'वाचून झालं' म्हणताना माणूस जरा दमलेला असतो. आणि 'वाचायचं राहिलं' हे आपलं लाडकं वाक्य. त्यातही कर्ता नाही, पुस्तक आपलं आपणच राहिलं.

'न वाचलेली' लिहिताना जरा जपून. मराठीत 'वाचणे' दोन आहेत, एक पुस्तकाचं, दुसरं जिवाचं. माझ्या घरी एकदा कपाटामागच्या भिंतीतून पाणी आलं. मी फोनवर बहिणीला म्हटलं, "पुस्तकं वाचली." ती म्हणाली, "सगळी? कधी?" 'वाचलेली पुस्तकं' म्हणजे वाचून झालेली की बचावलेली, हे मागचंपुढचं वाक्य सांगतं. कर्त्याला 'मी' जोडला की घोटाळा मिटतो. माझी सगळी पुस्तकं वाचली होती, मी त्यातली निम्मीही वाचली नव्हती.

तरीही नामच हवं असा हट्ट असेल, तर सुचवण्यांची कमी नाही. 'वाचनाची थकबाकी' म्हटलं की वसुलीला कोणी येईलसं वाटतं. 'अनुशेष' अर्थानं चोख बसतो, पण विकासाच्या चर्चांनी त्याला इतकं वापरलंय की पुस्तकांसाठी समिती नेमल्यासारखं होतं. 'अपठित'ला शाळेच्या प्रश्नपत्रिकेचा वास येतो. 'अवाचित' मी स्वतः एकदा घडवून पाहिला, कारण 'अवचित घेतली, अवाचित राहिली' ही जोडी कानाला आवडली. छापताना एक काना पडला आणि दोन्हीकडे अवचितच आलं. मग नाद सोडला.

'ठेवणे'च्याच घरातून घ्यायचं तर 'ठेव' आहे. गमतीत 'मुदत ठेव' म्हणा, मुदत उलटली तरी मोडायला मन होत नाही हे दोन्हीकडे खरं. 'ठेवणीतली पुस्तकं' मात्र नको. ठेवणीतली वस्तू खास वेळी वापरून पुन्हा जपून ठेवलेली असते. आपली तर अजून एकदाही उघडलेली नाहीत. त्यांना 'कोरी' म्हणावंसं वाटतं, पण कोरं पुस्तक म्हणजे आत काही छापलेलंच नाही असंही होतं. 'नवंकोरं' ठीक, पण ते पहिल्या आठवड्यापुरतं. जुन्या बाजारातून आणलेलं, दुसऱ्या कुणीतरी कडेला पेन्सिलीनं खुणा केलेलं पुस्तकही तुमच्या ढिगात असेलच, त्याला कोरं कसं म्हणणार?

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "यंदा चौदा पुस्तकं घेतली. तीन वाचून काढली, एक वाचून टाकलं, नऊ घेऊन ठेवली आहेत, आणि तळाशी आहे ते जाडजूड चरित्र मी घेऊन बसलोय."