मॉलमधलं अपंगांसाठीचं पार्किंग रिकामंच असतं, मग तिथे दहा मिनिटं गाडी लावली तर काय बिघडतं?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. जागा रिकामीच असते तर दहा मिनिटांनी काय बिघडतं, हा खरंच कायद्याने गुन्हा आहे का वॉचमन उगाच हुज्जत घालत होता, आणि गाडीत 74 वर्षांची आई असेल तर चालतं का. आईचं शेवटी सांगतो कारण तो तुमचा मुद्दा खरा आहे, बाकीच्या दोनांचं तसं नाही.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे, म्हणजे पायाला आधार देणारी लोखंडी पट्ट्यांची चौकट, हातात काठी, आणि पुण्यात ऑटोमॅटिक गाडी स्वतः चालवतो. त्याआधी बरीच वर्षं साईड व्हील लावलेली स्कूटर होती, तिचाही विषय येईल.

आता "रिकामी असते" बद्दल. एसटीत अपंगांसाठी राखीव सीट असते, तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं तर मला काही वाटत नाही, मी चढलो की कंडक्टर म्हणतो उठा हो, माणूस उठतो, विषय संपला. गाडी उठत नाही ना! गाडीचा मालक वर तिसऱ्या मजल्यावर बूट घालून बघत असतो, फोन नंबर काचेवर लिहिलेला नसतो, आणि मी खाली रॅम्पवर ब्लिंकर लावून उभा, मागे हॉर्नवर हॉर्न. तुमची दहा मिनिटं खरी असतीलही, पण मला ती बाहेरून कळणार कशी? मी तिथे दहा मिनिटं थांबायचं का तास, का घरी जायचं? बहुतेक वेळा मी घरीच जातो. आणि असे दोन-तीनदा परत गेलेले लोक पुढच्या वेळी येतच नाहीत, मग जागा अजूनच रिकामी दिसते, आणि मग तुमच्यासारखा माणूस विचारतो की इथे येतंच कोण.

लोकांना वाटतं ही जागा म्हणजे दाराजवळ गाडी लावायची सवलत आहे, चालायला कमी लागावं म्हणून. तेही आहे, नियमात मुख्य दारापासून 30 मीटरच्या आत असावी असं आहेच. पण माझ्यासारख्याला खरी गरज असते ती रुंदीची. साधा कार पार्किंगचा चौकोन अडीच मीटर रुंद असतो, गाडी धरा 1.7 मीटर, उरले ऐंशी सेंटिमीटर, ते दोन बाजूंना वाटले की एका बाजूला चाळीस सेंटिमीटर. शेजारच्याने नीट लावली असेल तर शेजारची जागा धरून थोडं जास्त मिळतं, पण नीट लावतो कोण. दार अर्धवट उघडून पोट आत घेऊन सटकन बाहेर पडणं तुम्हाला जमतं. राखीव जागा 3.6 मीटर रुंद ठेवायची असते ती याच्याचसाठी, गाडीच्या बाजूला व्हीलचेअर आणता यावी, दार पूर्ण उघडावं म्हणून.

कॅलिपरचं गणित सांगतो, हे कोणी विचारत नाही आणि आम्ही सांगत बसत नाही. उभं राहताना गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या खाली सरकवून लॉक करावं लागतं, म्हणजे पाय काठीसारखा सरळ ताठ. गाडीत बसताना आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, तेव्हा हा ताठ पाय दाराबाहेर आडवा आलेला असतो, मग वाकून कड्या वर ओढायच्या, लॉक सुटलं की गुडघा वाकतो, मग दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय आत घ्यायचा. दार पूर्ण उघडलं नाही तर पहिलीच पायरी होत नाही, कारण ताठ पायाला बाहेर जागाच नाही आणि उभ्याने लॉक सोडलं तर मी तिथेच पडेन. व्हीलचेअरवाल्याला याच्याहून जास्त जागा लागते, त्याला खुर्ची दाराला तिरकी लावून सीटवर सरकायचं असतं.

म्हणून त्या जागेच्या बाजूला जे पिवळे-पांढरे तिरके पट्टे मारलेले असतात ना, ते डिझाईन नाही. लोक काय करतात, "अपंगांची जागा आम्ही घेतलीच नाही, आम्ही बाजूच्या पट्ट्यांवर लावली" म्हणतात, बाईकवाले तर हमखास तिथेच घुसतात. मी आत जाताना जागा मिळाली, गाडी लावली, काम करून पिशव्या घेऊन आलो तर माझ्या दाराला चिकटून कोणाची तरी बाईक, हँडल लॉक. आता मी आत बसू शकत नाही आणि बाईक हलवू शकत नाही. हे गाडी लावायला जागा न मिळण्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा निदान परत फिरता येतं. एकदा एका कॉलेजच्या पोराला सांगितलं तर म्हणाला काका पाचच मिनिटं गेलो होतो. सगळे पाचच मिनिटं जातात.

कायद्याचं सरळ सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आधीच्या 1995 च्या कायद्याच्या जागी. तो मुख्यतः जागा देणाऱ्याला बांधतो, म्हणजे मॉल, हॉस्पिटल, सरकारी ऑफिस, स्टेशन. कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना इमारत वापरता यावी यासाठीचे, नियम पाळल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही, पूर्णत्वाचा दाखलाही मिळत नाही. कलम 89 मध्ये कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, नंतर 50,000 ते 5 लाख. तुम्ही म्हणजे गाडी लावणारा माणूस सापडतो तो मोटार वाहन कायद्यात, आणि तिथे तुमचं चलान फाटतं ते साध्या नो पार्किंगचं, पहिल्यांदा 500, परत केलं तर 1500. रस्त्यावरच्या राखीव जागेत लावली तर टोइंगवाले उचलूही शकतात. मॉलच्या बेसमेंटमध्ये मात्र मी कधी ट्रॅफिक हवालदार पाहिला नाही, फोन केला तर सांगतात आतलं तुमचं मॅनेजमेंट बघेल. मॅनेजमेंट म्हणतं आम्ही कस्टमरला काय बोलणार. या दोघांच्या मधे जो उभा असतो तो तुमच्याशी हुज्जत घालणारा वॉचमन.

त्याच्याबद्दल वाईट बोलू नका राव. बारा-बारा तासांची ड्युटी, कॉन्ट्रॅक्टवर, आणि समोर मोठ्या गाडीतला माणूस "तुझ्या साहेबाला बोलव, मी कोण आहे माहीत आहे का" करतो. त्याने अडवलं नाही तर माझ्यासारखा येऊन त्याच्यावरच ओरडतो, अडवलं तर तुमच्यासारखा. तरी तो अडवतो म्हणजे माणूस कामाचा आहे. मी ज्या मॉलमध्ये नेहमी जातो तिथे एकाने स्वतःच डोकं लढवून जागेपुढे साखळी लावली, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि माझी गाडी दुरून दिसली की काढतो. कुठलं सर्क्युलर नाही, काही नाही, पण तेव्हापासून तिथे मला जागा मिळाली नाही असं झालेलं नाही. काहीजण म्हणतील की साखळी काढायला कोणीतरी लागतंच, एकटा अपंग माणूस आला तर काय. बरोबर आहे, पण रोज दुसऱ्याची गाडी बघण्यापेक्षा साखळी बघणं बरं.

आणि गाडीवाल्यांनाच शिव्या घालत बसायचं तर तेही अर्धंच. बऱ्याच ठिकाणी ही जागा मॉलवालेच खातात. दिवाळीत तिथे नवीन गाडीचा डिस्प्ले, लकी ड्रॉचा मंडप, कधी व्हॅले पार्किंगवाल्यांची टेबल-खुर्ची, नाहीतर हाऊसकीपिंगच्या ट्रॉल्या. परवाना मिळेपर्यंत निळी व्हीलचेअर जमिनीवर रंगवलेली, नंतर तिच्यावर कुंड्या. एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, दोन राखीव जागांपैकी एकीत कायम कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांची गाडी. तिथे कोणाला तक्रार करणार, तपासायला त्यांच्याकडेच जायचंय!

स्कूटरचं राहिलं. महाराष्ट्रात गाडी चालवणारे बहुतेक अपंग कार चालवत नाहीत, साईड व्हीलची स्कूटर चालवतात, आणि त्यांच्यासाठी राखीव जागा जवळजवळ कुठेच नसते. व्हीलचेअरचं चित्र असतं ते कारच्या मजल्यावर, टू-व्हीलर मात्र खाली दुसऱ्या बेसमेंटमध्ये उतारावरून. स्टेशनच्या पे अँड पार्कमध्ये पोरगं पावती फाडतं आणि नंतर दोन गाड्यांच्या मधे अजून एक कोंबतं, आणि साईड व्हीलची गाडी तिरकी करून ओढून काढता येत नाही, ती सरळच मागे घ्यावी लागते. मी कित्येकदा लोकलच्या गर्दीतून येऊन तिथे कोणीतरी बाईक हलवायला येईल म्हणून उभा राहिलेलो आहे. तुम्ही विचारलं नव्हतं पण कारच्या जागेवर सगळे भांडतात म्हणून लिहिलं.

आता एक उलटी बाजू. राखीव जागेतून कोणी धडधाकट माणूस उतरताना दिसला की लगेच व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची फॅशन आलीय, ते करू नका. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आधी 7 होते. मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे, यातला माणूस सकाळी नीट चालेल आणि संध्याकाळी दोन पावलं टाकू शकणार नाही. शांतपणे कार्ड विचारा, किंवा वॉचमनला विचारू द्या. खरा असेल तर त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र असतं, आणि गाडी त्याच्याच नावावर असेल तर 2020 पासून आरसीवर मालकाच्या प्रकारात दिव्यांगजन अशी नोंदही करता येते. याउलट काचेवरचं व्हीलचेअरचं स्टिकर काहीच सिद्ध करत नाही, ते कोणीही ऑनलाइन मागवतं, प्रेस आणि पोलीसच्या स्टिकरसारखं. आपल्याकडे पार्किंगचा वेगळा सरकारी परवाना देशभर असा नाहीच, खरी गोची तिथे आहे. इंग्लंडमध्ये ब्लू बॅज असतो, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो माणूस ज्या गाडीत बसेल तिथे लावायचा, आणि गैरवापर केला तर 1000 पौंडांपर्यंत दंड. माझा मावसभाऊ तिकडे आहे, तो म्हणतो तिथेही लोक आजोबांचा बॅज घेऊन फिरतातच, पण पकडले जायची भीती तरी असते.

तुमच्या जागी कोणी माझ्यासारखा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: भांडत बसू नका, गाडीचा नंबर आणि जागेचं चित्र दोन्ही येईल असा फोटो काढा, मॉलच्या हेल्प डेस्कला सांगून माईकवर नंबर पुकारायला लावा, याने लोक पळत येतात कारण सगळ्यांसमोर नाव निघतं. रस्त्यावर असेल तर ट्रॅफिक पोलिसांच्या ॲपवर फोटो टाका. जागाच ठेवलेली नसेल किंवा मॉलनेच अडवली असेल तर लेखी तक्रार दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करा, ऑफिस पुण्यातच आहे. आणि चारचौघांत कोणी मुद्दाम लंगड्या-पांगळ्या म्हणून अपमान केला तर ते कलम 92 खाली येतं, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. ते पार्किंगच्या भांडणात उठसूट काढायचं हत्यार नव्हे, पण माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या आईंचं. नुसतं वय 74 आहे म्हणून ती जागा मिळत नाही. सरळ पोर्चमध्ये गाडी आणा, आईंना दारापाशी उतरवा, वॉचमनला सांगून खुर्ची मागवा, बहुतेक मॉलमध्ये व्हीलचेअर असते आणि फुकट असते, फक्त मागावी लागते, मग तुम्ही गाडी कुठेही लावून या. पण गुडघे किंवा कंबर खरोखर कामातून गेली असेल तर यूडीआयडीसाठी अर्ज करा, ऑनलाइन भरता येतो, सरकारी हॉस्पिटलात तपासणीला बोलावतात, अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर पिवळ्या पट्टीचं कार्ड येतं, 80 किंवा जास्त असेल तर निळ्या पट्टीचं. मग ती जागा आईंची, हक्काने लावा, वॉचमनला कार्ड दाखवा. फक्त आई घरी आहेत आणि तुम्ही त्यांचं कार्ड डॅशबोर्डवर ठेवून पिक्चरला आलात असं नको, तसे नमुनेही आहेत आमच्या ओळखीत.