गॅस किती न्यावा? आधी पाण्याचे लिटर मोजा

प्रश्न : आम्ही तिघे चार रात्रींच्या पदभ्रमणाला निघतोय. डबीवर फिरवून बसवायचा छोटा गॅस स्टोव्ह आहे. 230 ग्रॅमची एक डबी पुरेल का?

उत्तर : शेवटच्या दिवशी संपेल. सोबत 100 ग्रॅमची छोटी डबी घ्या, दुसरी मोठी नको.

सकाळी चहा व ओट्स, संध्याकाळी जेवण व पुन्हा चहा धरला तर तिघांना रोज सुमारे सव्वातीन लिटर पाणी उकळावे लागेल, चार दिवसांत 13 लिटर. वारा नसताना, झाकण ठेवून, 20 अंशांचे लिटरभर पाणी उकळायला साधारण 12 ते 15 ग्रॅम गॅस जातो. 15 धरला तर 195 ग्रॅम. रोज दहा मिनिटे काही मंद आचेवर शिजवणार असाल, तर मिनिटाला एक ग्रॅमच्या हिशेबाने आणखी 40. झाले 235. त्यावर पाव हिस्सा राखीव ठेवाच, कारण वारा हा हिशेब सहज बिघडवतो.

तुमच्या स्टोव्हचा नेमका आकडा घरीच निघतो. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर डबी तोला, लिटरभर पाणी उकळा, डबी गार झाल्यावर पुन्हा तोला. नव्या डबीच्या वजनातून वर छापलेले गॅसचे वजन वजा केले की रिकाम्या डबीचे वजन मिळते. ते डबीवरच मार्करने लिहून ठेवा, म्हणजे अर्धवट वापरलेली डबी पुढच्या वेळी अंदाजाने न्यावी लागणार नाही.

आच भांड्याच्या कडेने वर येत असेल तर गॅस फुकट जातोय, ती कमी करा. उंचीवर पाणी लवकर उकळते (दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो), पण त्या कमी तापमानात अन्न शिजायला वेळ लागतो. म्हणून कडधान्य आधी भिजवा.

प्रश्न : थंडीत डबी हलवली तर आत गॅस जाणवतो, तरी ज्योत मरते. असे का?

उत्तर : डबीत द्रवरूप वायूंचे मिश्रण असते, आणि उत्कलनबिंदूच्या खाली द्रवाचा पुरेसा वायू होत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, आयसोब्युटेन उणे 12ला, साधा ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि तळाशी ब्युटेन उरतो, जो थंडीत द्रवच राहतो. शिवाय वायू होताना द्रव स्वतःच थंड होत जातो. डबी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या; स्वयंपाकाच्या वेळी ती उथळ ताटलीत कोमट पाण्यात ठेवा. डबीभोवती चहूबाजूंनी आडोसा कधीही करू नका, ती तापून फुटू शकते. तंबूत स्टोव्ह पेटवणे तर पूर्ण वर्ज्य, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

बर्फ वितळवून पाणी करणार असाल तर लिटरमागे सव्वादोन पट गॅस धरा.