बोटं, खराट्याचे हीर आणि बावन्न वजा अठ्ठावीस

"मॅडम, दुसरीत गेला तरी अजून बोटांवर मोजतो. शिकवणीच्या बाईंनी हात मागे धरून गणित करायला सांगितलं, तर रडायलाच लागला. त्याला काही दोष तर नसेल ना? टीव्हीवर सांगतात तसला?"

सप्टेंबरातली गोष्ट. मुलाला इथे आपण बंडू म्हणू. आईच्या हातात चाचणीचा पेपर होता, वजाबाकीच्या सगळ्या उदाहरणांवर लाल फुल्या. गणितात अडणाऱ्या मुलांसोबत मी काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच. बोटं नसली तर मणी, मणी नसले तर काड्या, पण धास्ती एकच : वस्तूंची सवय लागली तर परीक्षेत काय करणार?

बंडूला मी आधी आकडे लिहायला सांगितले. त्रेपन्न म्हटलं, त्याने 35 लिहिले. एकोणचाळीस म्हटलं, त्याने 49 लिहिले. आईने डोळे मिटून घेतले. पण मुलाच्या कानाने ऐकून बघा. 'त्रेपन्न' म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर. त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. 'एकोणचाळीस'मध्ये त्याला चाळीस ऐकू आलं, शेवटी नऊ येतो हे पाठ होतं, झाले 49. एक कमी चाळीस, ही त्या शब्दातली वजाबाकी त्याला कुणी उलगडून दाखवलीच नव्हती. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर खुलासे करून थकल्या असतील. माझ्यासमोर असा एखादा बंडू बसला की मला त्या टिंगलीचं हसू येत नाही.

मग पेपरातलं एक उदाहरण घेतलं. 52 वजा 28. त्याचं उत्तर 36. कसं केलंस विचारलं, तर म्हणाला, "मोठ्यातून लहान जातं. आठातून दोन गेले, सहा. पाचातून दोन गेले, तीन." सगळ्या पेपरात त्याने हाच नियम लावला होता, कुठेही न चुकता. असं एका नियमाने चुकणारं मूल मला सहसा घाबरवत नाही. त्याच्या लेखी 52 म्हणजे एक पाच आणि शेजारी एक दोन, त्यातल्या पाचाच्या पोटात पन्नास आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं.

आईला मी सांगितलं, "ताई, शिकण्यातली अक्षमता 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण तिच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होते. हा साडेसातचा आहे. तोवर हातात काहीतरी देऊन बघू."

आता माझीही फजिती सांगते. त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने कपाटातले रंगीत ठोकळे त्याच्यापुढे ठेवले. वीस मिनिटांत त्याने सुरेख मनोरा रचला, वर झेंडा म्हणून माझं पेन लावलं. गणित शून्य. चूक माझीच, त्या ठोकळ्यांतून मला काय हवंय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

नंतर वर्गात जाऊन बसले. भिंतीवर शंभर मण्यांची माळ होती, दहा लाल, दहा पांढरे अशी. पण ती फळ्याच्या वर, तोरणासारखी टांगलेली. बाई छडीने दाखवायच्या आणि बेचाळीस मुलं माना वर करून बघायची. गणितपेटी ऑफिसच्या कपाटात, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मणी हरवले तर नोंदवहीत काय लिहू? आणि बेचाळीस जणांना एक पेटी कशी पुरवू?" मला त्यांचा राग आला नाही. साहित्य तुटल्याचा जाब विचारतात, न वापरल्याचा कुणी विचारत नाही. पण एवढं खरं, की साधन बाईंच्या हातात राहिलं तर बाईंचंच गणित पक्कं होतं.

पुढच्या आठवड्यात आई आणि आजोबा दोघंही आले. आजोबांचा सूर आधीपासूनच वरचा. "आमच्या वेळी कुठलं आलंय साहित्य? पावकी, निमकी तोंडपाठ होती आम्हाला."

"आजोबा, पहिलीत आकडे कशावर मोजायचात?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "चिंचोके होते की. पिशवीत घालून न्यायचो. खडे पण."

त्यानंतर त्यांचा विरोध मावळला. इतकंच नाही, घरी जाऊन नव्या खराट्याचे हीर त्यांनीच एकसारखे तोडून दिले, बोटभर लांबीचे, दीडशेच्या वर. जागच्या वस्तूंवर शिकवायचं हे काही नवं फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं.

घरच्यांना मी एकच गोष्ट बजावली होती : गठ्ठे तयार बांधून देऊ नका. दहा हीर त्याने मोजायचे, रबर त्याने लावायचं. पन्नास-साठ वेळा तसं केलं की 'दहा म्हणजे एक गठ्ठा' हे हाताला कळतं. आणि करताना तोंडाने बोलायचं. मुकाट्याने हलवलेल्या काड्यांना मी फारसं मोजत नाही.

पंधरा दिवसांनी बंडू माझ्या टेबलाशी. समोर पाच गठ्ठे, दोन सुटे हीर.

"यातून अठ्ठावीस मला दे."

त्याने दोन गठ्ठे लगेच सरकवले. "हे वीस." मग दोन सुटे उचलले आणि थांबला. "आठ पाहिजेत." सुट्यांकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "रबर सोडू का?"

"तुझे हीर आहेत. तुला वाटलं तर सोड."

रबर टचकन उडून टेबलाखाली गेलं. दहा हीर पसरले, दोघांत मिसळून बारा झाले. आठ मोजून माझ्याकडे आले. उरलेलं मोजायला त्याला बोटं लागली नाहीत. "दोन गठ्ठे आणि चार. चोवीस." मग पेपरातल्या 36 वर बोट ठेवून म्हणाला, "हे कसं काय आलं होतं?"

वहीत आपण 'दशक सुटा केला' असं लिहितो. त्याने तो खरोखरच सोडला होता. त्यानंतरच मी कागदावर पाच खोडून चार आणि दोनाचे बारा केले. तोपर्यंत ती खाडाखोड म्हणजे त्याच्यासाठी बाईंची एक सवय होती.

बाईंनीही वर्गात हेच आणलं, त्यांच्या पद्धतीने. दर दोघांत मिळून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत साठ हीर आणि रबरं, हरवले तरी नोंदवहीची भीती नाही. पहिला दिवस गोंधळाचा गेला. एकाने शेजाऱ्याच्या कानात हीर घातला, रबरांची नेमबाजी झाली. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पहिली पाच मिनिटं खेळायला मोकळी सोडली. मनोरा प्रकरणात मला हे सुचायला हवं होतं.

मुख्य धास्ती उरतेच : सवय. माझं म्हणणं असं, की साधन हिसकावून घेतलं तर मूल बोटांवर येतं आणि बोटंही बांधली तर अंदाजपंचे ठोकतं. साधन हळूहळू दूर न्यावं लागतं. बंडूचे हीर आम्ही आधी डब्यात झाकले : "आत चार गठ्ठे, तीन सुटे आहेत, सहा काढायचेत, आता आत काय करशील?" तो डब्याकडे बघून सांगायचा, मग उघडून पडताळायचा. नंतर चित्र, गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्याला टिंब. मग नुसते आकडे, अडलं तरच रेघा. याला सव्वादोन महिने लागले. मध्ये दिवाळीची सुट्टी आली आणि थोडी घसरगुंडीही झाली. बोटांचंही तसंच. ती सगळ्यात जुनी, फुकटची साधनं, पण दहाच्या पुढे ती एकेक मोजायला लावतात, म्हणून गठ्ठ्याची ओळख झाली की मुलं आपणहून ती सोडतात.

इतकं हाताळूनही सहा महिन्यांत काहीच सरकलं नाही, चार-पाच गोट्या नजरेने ओळखता येत नाहीत, सात मोठे की नऊ हे दरवेळी मोजूनच सांगावं लागतं, असं दिसलं तर आठ पूर्ण होताच तपासणीला न्यावं. तसं दोन-तीन मुलांच्या पालकांना मी सांगितलंही आहे. बंडूला ते लागलं नाही. 'एकोणसत्तर' त्याला अजून फसवतो, पण आता लिहून झाल्यावर तो स्वतःच थबकतो.

मार्चमध्ये आईने विचारलं, "तीन आठवडे झाले, पिशवी उघडली नाही त्याने. टाकून देऊ?" मी म्हटलं, असू द्या खणात.

तिसरीत ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. गृहपाठात तीनशे चारमधून एकशे अठ्ठावीस वजा करायचे होते. चारातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य, सोडायला गठ्ठाच नाही. पठ्ठ्याने खण उघडला, पिशवी काढली आणि जमिनीवर बसून दहा-दहाचे दहा गठ्ठे एकत्र बांधायला लागला. ते त्याच्या मुठीत मावेनात, म्हणून आजोबांना धरायला बसवलं होतं आणि आई फोनवर मला विचारत होती, एवढं मोठं रबर कुठे मिळतं.