शटर बॉडीत की लेन्समध्ये?

प्रश्न : कोल्हापूरच्या गुजरीतल्या तीन-चार सराफांचं कॅटलॉगचं काम मी सहा वर्षं करतोय. शिवाय वर्षातून एकदा कॅलेंडरसाठी पैलवानांचे फोटो असतात, तेही उघड्यावर. आता मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घ्यायचं ठरवलंय. फुजीफिल्मचा जीएफएक्स १००एस २ आणि हॅसलब्लाडचा एक्स२डी यांच्यात अडकलोय. मित्र म्हणतात, हॅसलब्लाडचा रंग वेगळाच. सर, सेन्सर कुणाचा चांगला?
– एक छायाचित्रकार, शाहूपुरी

सेन्सरच्या वादात पडूच नका. दोन्हींत ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा, शंभर मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि दोघांच्याही सेन्सरचं माहेर सोनी. मागच्या पिढीतही हेच होतं. पेंटॅक्सचा ६४५झेड (२०१४), हॅसलब्लाडचा एक्स१डी (२०१६), फुजीचा जीएफएक्स ५०एस (२०१७) हे तिघं पन्नास मेगापिक्सेलच्या एकाच सेन्सरचे भाऊबंद. पीठ एकाच गिरणीचं, भाकरी कोण कशी थापतं तेवढं बघायचं. आणि पिक्सेल मोठे असतात म्हणून कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, सोनीच्या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) ए७आर ४ मध्येही तेवढाच. जागा मात्र फुल फ्रेमच्या १.६७ पट, म्हणून तेवढे जास्त पिक्सेल मावतात.

खरा फरक शटर कुठे बसलंय त्यात आहे. फुजीचं बॉडीत, सेन्सरच्या पुढ्यात. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये ते लेन्सच्या पोटात, प्रत्येक लेन्सला स्वतःचं. यालाच लीफ शटर म्हणतात. फुजीवर फ्लॅश शटरच्या १/१२५ सेकंद वेगापर्यंतच जुळतो. हॅसलब्लाडवर १/२००० पर्यंत, काही नव्या लेन्सवर १/४००० पर्यंत.

हे आकडे मला पंचगंगेच्या घाटावर समजले. मार्चमधली दुपार, पैलवान अंगाला माती लावून पायरीवर बसलेला, शेजारी त्याचे वस्ताद घड्याळ बघत उभे. माझ्याकडे फुजी. आयएसओ १०० आणि शटर १/१२५ धरलं की भर उन्हात एफ/१६ शिवाय, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केल्याशिवाय, गत्यंतर नाही. मग मागचं धुणं, म्हशी, पलीकडचा काठ, सगळं लख्ख, आणि एवढा दांडगा गडी त्यात हरवून गेला. एफ/१६ला उन्हाशी झुंजायचं म्हणजे फ्लॅश पूर्ण ताकदीवर. पाच-सहा फ्रेममध्ये फ्लॅश धापा टाकायला लागला. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या हॅसलब्लाडने त्याच पायरीवर १/२००० आणि एफ/४ लावलं. चार स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे फ्लॅशला सोळावा हिस्सा ताकद पुरली. म्हशी मागे विरघळल्या.

लेन्सवर उजेड कमी करणारी काळी काच, एनडी फिल्टर, आहे की, असं तुम्ही म्हणाल. तो उन्हाबरोबर फ्लॅशही खातो, ताकद तेवढीच लागते. हायस्पीड सिंकमध्येही (वेगवान शटरसाठी फ्लॅश तुकड्या-तुकड्याने पेटवायची सोय) फ्लॅशचा दम जातो. पण लीफ शटरचीही एक खोड आहे. फ्लॅश लांब ठेवून जोर वाढवला की त्याचा भडका काही वेळा १/२००० पेक्षा जास्त टिकतो आणि शटर त्याचं शेपूट कापतं. घरी भिंतीवर चाचणी घ्या, घाटावर नको. आणि बॉडीत शटरच नसल्यामुळे दुसऱ्या कंपनीची लेन्स अडॅप्टरवर लावली, तर एक्स२डी फक्त इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतो. ते सावकाश वाचतं. हलणारं वाकडं होतं, दुकानातल्या एलईडीचे पट्टे उमटतात.

आता गुजरी. तिथे हा सगळा गुण वाया. टेबलावर ऊन नाही, १/१२५ भरपूर झालं. तिथली अडचण वेगळी. एकवीस पानांचा साज मांडला की त्याची गोलाई एका फोकसमध्ये मावत नाही. एफ/११च्या पुढे गेलात तर विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, कोरीवकाम मऊ पडतं. म्हणून एफ/८ किंवा ११ला वेगवेगळ्या फोकसच्या पंचवीस-तीस फ्रेम आणि स्टॅकिंग, म्हणजे संगणकावर त्यांचं एक चित्र. सोळा बिटची बिनकॉम्प्रेस फाइल दोनशे एमबीची, म्हणजे एक साज सहा जीबी. हार्ड डिस्कचा खर्च कॅमेऱ्याच्या खर्चातच धरा. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स १२० मिलिमीटरची दोघांकडे आहे. दोन्ही वस्तूच्या अर्ध्या मापापर्यंतच जातात, नथीसाठी फुजीला एक्स्टेन्शन ट्यूब लावा.

राहिलं रंगाचं. हॅसलब्लाडचा त्वचेचा रंग सुरेख येतो, नाकारत नाही. पण सराफ तुमच्या मागे उभा राहून म्हणणार, “सोनं जरा तांबूस दिसतंय.” त्या वेळी हातातलं सॉफ्टवेअर सवयीचं पाहिजे. तुम्ही सहा वर्षं कॅप्चर वन या सॉफ्टवेअरवर केबल लावून काम करत असाल, तर हॅसलब्लाडच्या फाइली तिथे वर्षानुवर्षं उघडत नव्हत्या, आता उघडतात का ते आधी बघा. नसतील उघडत तर हॅसलब्लाडचं स्वतःचं ‘फोकस’ नावाचं सॉफ्टवेअर शिका, नाहीतर लाइटरूम. (स्पेलिंगमध्ये पीएच आहे. ‘फोकसमध्ये फोकस तपासा’ असं शिकाऊ पोराला एकदा सांगून बघा.)

फुजी घ्या. कॅलेंडरचे दोन दिवस हॅसलब्लाड मुंबईहून भाड्याने आणा, महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी हातात येतो. डबा स्टेशनवरच उघडून बघा. मला एकदा चार्जरशिवाय पाठवला होता. यूएसबी-सीवर चार्ज होतो म्हणून पुतण्याच्या फोनच्या चार्जरवर भागलं.

प्रश्न : लग्नासाठी मीडियम फॉरमॅट चालेल का? आमच्याकडे मोठमोठे फलक लावतात.
– इचलकरंजी

नको. शंभर मेगापिक्सेल ३०० डीपीआयला ३९ बाय २९ इंच छापतं, तेही नाकाजवळ धरून बघायला. चौकातला फलक पन्नास फुटांवरून बघतात, त्याला तुमचा आहे तो कॅमेरा जास्तच आहे. एक्स२डी सेकंदाला जेमतेम तीन फ्रेम काढतो. अक्षता कुणासाठी थांबत नाहीत.

प्रश्न : आमच्या घरात पणजोबांची दहा-बारा तैलचित्रं आहेत. त्यांची उत्तम प्रत काढायची आहे. फुजीचं चारशे मेगापिक्सेल खरं का?
– मंगळवार पेठ

खरं आहे. कॅमेरा सेन्सर किंचित-किंचित सरकवून सोळा फ्रेम घेतो आणि संगणकावर त्यांचं एक चित्र होतं. पण त्या सोळा फ्रेममध्ये काहीही हलता कामा नये. एका वाड्यात माडीवर असंच काम करत होतो. प्रत्येक वेळी चित्राच्या मधोमध जाळीसारखी नक्षी. तासभर ट्रायपॉड घट्ट करत बसलो. शेवटी घरच्या आजी म्हणाल्या, “पंखा बंद कर की बाळा.” वाऱ्याने कॅनव्हास श्वास घेत होता. दहा-बारा चित्रांसाठी साधं शंभर मेगापिक्सेलही पुरे. दोन्ही दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावा, वॉर्निशची चमक जाईल. फेज वन कंपनीच्या आयक्यू४ चा १५० मेगापिक्सेलचा सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटर, या सगळ्यांचा थोरला. पण त्याची किंमत विचारून आलो त्या दिवशी तांबडा रस्सा घशाखाली उतरला नाही.

प्रश्न : आजोबांचा हॅसलब्लाड ५००सी/एम कपाटात आहे. या फिल्मच्या कॅमेऱ्याला मागे डिजिटल बॅक (फिल्मच्या जागी सेन्सरचा डबा) लावता येते असं वाचलं. लावू का?
– कलाशाखेचा विद्यार्थी, राजारामपुरी

लावता येते. हॅसलब्लाडची सीएफव्ही १००सी बॅक १९५७ पासूनच्या बहुतेक व्ही बॉडींवर (आजोबांच्या कॅमेऱ्याचं घराणं) बसते. पण फिल्मची चौकट ५६ मिलिमीटर चौरस आणि हा सेन्सर ४४ बाय ३३. आजोबांची ८० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमच्या साधारण ६३ सारखी वागेल. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं त्यातला मधलाच तुकडा मिळेल. आरसा किंवा फोकसिंग स्क्रीन केसभर सरकला असेल, तर फिल्मवर कळलं नसतं, शंभर मेगापिक्सेलवर लगेच कळेल. शिवाय बॅकची किंमत कॅमेऱ्याच्या कितीतरी पट.

बेटा, आधी १२० फिल्मचा एक रोल भर. एक लक्षात ठेव. शटर चढवल्याशिवाय लेन्स काढायची नाही, नाहीतर अडकते. ती सोडवायला मी माझ्या काळी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो होतो. बारा फोटो रंकाळ्यावर काढ, एक तरी आजोबांचा. धुऊन आले की घेऊन ये.