ताईंचा पगार किती तासांचा धरायचा?

प्रश्न : वारज्यात आमची बालवाडी आहे. शिशुगट, छोटा गट, मोठा गट मिळून ४८ जागा. ४४ भरल्या आहेत. तीन ताई, दोन मावशी. शाळा ९ ते १२, म्हणून ताईंना महिना ९,००० रुपये देतो. आजूबाजूलाही हाच भाव आहे. तरी दर दिवाळीनंतर एखादी ताई सोडून जातेच. योग्य पगार ठरवायचा कसा?

उत्तर : 'आजूबाजूचा भाव' आधी बाजूला ठेवा. तो सगळ्यांनी एकमेकांकडे बघून ठरवलेला असतो. कायद्याचा आयता आकडाही हाताशी नाही. शिक्षक १९४८ च्या किमान वेतन कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली) बसत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हरियाणातील खासगी शाळांच्या प्रकरणात दिला होता. (मावशींना किमान वेतन, ताईंना नाही, अशी त्या कायद्यातली गंमत होती.) तेव्हा आकडा तासांवरूनच बांधावा लागतो.

प्रत्येक ताईला एक आठवडा वहीत वेळ लिहायला सांगा. मुले ९ ला येतात, पण ताई साडेआठला येऊन बैठक मांडते. १२ ला शाळा सुटली तरी शेवटचे मूल घरी जाऊन साहित्य आवरेपर्यंत पाऊण वाजतो. रोजचे सव्वाचार तास, पाच दिवसांचे सव्वाएकवीस. शनिवारची बैठक दोन तास. घरी नोंदी, कातरकाम, पालकांच्या ग्रुपवरची उत्तरे, हे तीन तास तरी धरा. आठवड्याचे झाले सव्वासव्वीस, ४.३३ ने गुणले की महिन्याचे ११४. तुमच्या हिशेबात हे ६५ तास आहेत आणि ताशी १३८ रुपये पडतात. खरे पडतात ७९. गॅदरिंगची तालीम यात धरलेलीच नाही, आणि ती सुरू होते दिवाळीनंतर.

आता ताशी दर ठरवा. समजा १२० रुपये धरले, तर ११४ तासांचे १३,६८० होतात. तुलनेला अंगणवाडी सेविकेचा आकडा घेता येईल : २०२४ च्या वाढीनंतर १३,००० रुपये आणि त्यावर २,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता. मात्र ते मानधन आहे, वेतन नव्हे, आणि सेविकांच्या संघटनांचा आक्षेप नेमका त्यावरच आहे. 'सरकार एवढेच देते' असे म्हणून ती कमाल मर्यादा ठरवू नका.

पैसे कुठून आणायचे? वाढ दर ताईमागे ४,६८०. तिघींची वर्षाची १,६८,४८०. ती ४४ मुलांवर वाटली तर दर मुलामागे महिना ३१९ रुपये. इथे बहुतेक संचालक ४८ ने भागतात. मग २९३ येतात, पालकसभेत बरे दिसतात आणि वर्षअखेर १४,००० ची तूट निघते. भरलेल्या जागांनीच भागा.

दुसरी चूक क्रमाची. प्रवेश डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात, फी तेव्हा छापली जाते आणि पगाराचा विषय जूनमध्ये निघतो. तोवर फी वाढवायची वेळ निघून गेलेली असते. पगार नोव्हेंबरमध्ये ठरवा, फी त्यावरून काढा.

पगार बारा महिन्यांचा द्या. दहा महिने १३,६८० देणे म्हणजे वर्षभर ११,४०० देणे. मे महिन्याचे घरभाडे कुणी माफ करत नाही. अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला ताशी ३ रुपये वाढवा, म्हणजे महिना ३४२. नवी ताई चांगल्या पगारावर घेतली आणि आठ वर्षांच्या ताईला तिथेच ठेवले, तर जुनी आधी जाते. ही वाढ धरली की ३१९ चा आकडा वर जाईल. छापण्याआधी पुन्हा मांडा.

प्रश्न : हडपसरच्या एका पूर्वप्राथमिक शाळेत सात वर्षे काम करून राजीनामा दिला. शेवटचा पगार १४,०००, सगळा मूळ पगारच. शाळेत १४ जण होतो. 'शिक्षिकांना ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) नसते' असे सांगितले. खरे आहे का?

उत्तर : नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) घेतले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. अट दहा किंवा अधिक कर्मचारी आणि पाच वर्षे सलग नोकरी. महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७ : ५६,५३८ रुपये. शाळेकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागते. तरीही दाद दिली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. अडते ते पुराव्यावर : नेमणूकपत्र नसेल तर पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, ओळखपत्र, हजेरीचे फोटो जमवा. निम्मा पगार रोखीने घेतला असेल तर तो सिद्ध करणे कठीण जाते.

प्रश्न : मुलाच्या प्लेग्रुपची फी भरपूर आहे. ताईंना नीट पगार मिळतो का, हे विचारणे बरे दिसेल का?

उत्तर : आकडा विचारू नका, तो त्या ताईंचा खासगी विषय. पगार बारा महिने मिळतो का, बँकेत जमा होतो का आणि गेल्या जूनमधल्या किती ताई या जूनमध्येही आहेत, एवढे विचारा. तिसऱ्याचे उत्तर ऑफिसात मिळाले नाही, तर फाटकापाशी उभ्या असलेल्या मोठ्या गटाच्या पालकांना ते तोंडपाठ असते.