चांगली ऑडिओ सिस्टिम असूनही घरी मैफलीसारखं का वाटत नाही?

तुमचा प्रश्न असा: चांगले स्पीकर, चांगला ॲम्प्लिफायर घेऊनही घरी समोर बसून ऐकल्याचा अनुभव येत नाही, तर आणखी महागाची सिस्टिम घेतल्यावर हा फरक मिटेल का? माझं उत्तर आहे, फारसा नाही. मी रेकॉर्डिंगचं काम करतो. एकच तबला आधी समोर बसून आणि थोड्या वेळाने स्पीकरवर ऐकणं हे माझं रोजचंच आहे, त्यामुळे नेमकं काय हरवतं ते सांगू शकतो.

शेजारच्या खोलीत कुणी पेटी वाजवत असेल, तर ती खरी आहे की स्पीकरवरची, हे बहुतेक वेळा दाराआडूनही कळतं. वास्तविक दाराआडून स्टिरिओचा परिणाम उरत नाही, वरच्या पट्टीतले बारीकसारीक तपशीलही भिंतीत अडकतात. तरी कान फसत नाहीत! म्हणून ‘अजून स्वच्छ, अजून बारकाईचा आवाज’ या नादात खर्च करत गेलं, तरी दुखणं वेगळंच राहतं.

पहिलं दुखणं म्हणजे आवाजाची उसळी. तबल्याच्या चाटीवर कडक बोल पडतो तेव्हा मीटर सरासरी पातळीच्या वीसेक डेसिबल वर उडी मारतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली येतो. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट शक्ती. घरी सरासरी आवाजाला एक वॅट लागत असेल, तर त्या एका थापेला शंभर वॅट लागतात. आवाज जरा वाढवून सरासरी दोन वॅटवर नेलीत की थापेला दोनशे. तेवढी ताकद नसेल तर ॲम्प्लिफायर त्या क्षणाचं टोक कापतो. ॲम्प्लिफायर दणकट असला तरी छोट्या स्पीकरचा पडदा तेवढा हलत नाही. बोल ऐकू येतो, पण त्याचा मार जातो.

आणि खरं सांगायचं तर अनेकदा ती उसळी तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्हीच छाटलेली असते. गाडीत, मोबाइलवर, गोंगाटात सगळं सारखं ऐकू यावं म्हणून कॉम्प्रेसर आणि लिमिटर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारी साधनं, लावली जातात. १९८२ साली आलेल्या साध्या सीडीतही सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. जागा भरपूर आहे, वापरतो आपण तिचा एक कोपरा.

दुसरं दुखणं खोलीचं. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. त्यांत गायिका आणि फोनोग्राफ आळीपाळीने ऐकवायचे, मध्येच अंधार करायचे, आणि श्रोत्यांना फरक कळला नाही असं अभिमानाने सांगायचे. त्यात गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगून टाकलं की त्या यंत्राशी जुळेल असाच आवाज लावत होत्या. (जाहिरात खात्याला मानलं पाहिजे.) त्यामानाने नंतर अकूस्टिक रिसर्च या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने खऱ्या तंतुवाद्य-चौकडीबरोबर केलेले प्रयोग जास्त बोलके होते. रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा घुमारा येऊ दिला नव्हता. तो घुमारा सभागृहच घालत होतं, वादकांनाही आणि स्पीकरनाही. त्यामुळे वादक कधी थांबले आणि स्पीकर कधी सुरू झाले हे ओळखणं अवघड होतं.

घरी नेमकं उलटं होतं. मोठ्या संगीत-सभागृहात आवाज विरायला दोनेक सेकंद लागतात, बैठकीच्या खोलीत साधारण अर्धा सेकंद किंवा त्याहूनही कमी. शिवाय सभागृहात तो घुमारा बाजूंनी, मागून, वरून येतो. घरी तो वाद्याबरोबर समोरच्या दोन खोक्यांतूनच येतो आणि त्यावर तुमच्या खोलीचा स्वतःचा आवाज चढतो. खर्जात तर खोली फारच ढवळाढवळ करते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर टोकाच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ गायब होतो. तुमची खुर्ची तिथेच असेल तर कुठलाही स्पीकर तो सूर तुम्हाला ऐकवू शकणार नाही.

अर्थात, ‘प्रत्यक्ष’ म्हणजे कुठलं हेही पाहायला हवं. हल्ली बहुतेक कार्यक्रम माईक आणि भल्यामोठ्या स्पीकरवरच होतात. तिथे तुम्ही एक सिस्टिमच ऐकत असता, आणि ती वाईट लावलेली असेल तर घरचं शतपटीने बरं. माईकशिवायच्या छोट्या बैठकीशी तुलना करायची असेल, तर एकल गायन, सतार, गिटार यांत घरची सिस्टिम बरीच जवळ जाते. शंभर वादकांच्या ऑर्केस्ट्राची आशा सोडा.

पैसे खर्च करण्याआधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, खुर्ची खोलीच्या मध्यातून आणि मागच्या भिंतीपासून हलवा, उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाका. मग ओळखीच्या गायकाचं कमी वाद्यांचं रेकॉर्डिंग लावून, तो माणूस समोर बसून गाईल तेवढाच आवाज ठेवा. त्याहून हळू लावलंत तर खर्ज आधी नाहीसा होतो. हा कानाचाच गुण आहे, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच तो मोजून ठेवलाय. एवढं करून आठवडाभर ऐका आणि तरीही थापेत मार वाटला नाही, तर मोठ्या पडद्याचे, कमी वॅटमध्ये जास्त आवाज देणारे स्पीकर बघा. केबल मात्र आहे तीच राहू द्या.